काऊबॉय अ‍ॅक्शन शूटिंग सुरू करायचंय, बंदुका आधी घेऊ का?

फिनिक्सकर:
मंडळी, शेजारचे सत्तरीतले आजोबा गेल्या महिन्यात मला त्यांच्या क्लबच्या मॅचला घेऊन गेले, नुसतं बघायला. तिथे सगळे हॅट, बूट, जाकीट घालून, कमरेला दोन दोन रिव्हॉल्व्हर, आणि लोखंडी टार्गेटवर गोळी लागली की टण्ण आवाज! तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. वय 44, हातात बंदूक कधी धरलेली नाही, एनसीसीत पण नव्हतो. चार बंदुका लागतात म्हणे? बायको म्हणते आधी गॅरेजमधली ट्रेडमिल वापर, मग पुढचं बोल. नेमकी सुरुवात कुठून करू?

टेक्सासतात्या:
सहा वर्षं खेळतोय. पहिलं म्हणजे काही विकत घेऊ नकोस. आजोबांना सांग पुढच्या मॅचला तुमच्या बंदुका द्या, काडतुसांचे पैसे मी देतो. या खेळातली माणसं नवख्याला अक्षरशः हातात आणून देतात. चार म्हणजे दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर (दर गोळीआधी घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो), एक लिव्हरवाली रायफल (खालचा दांडा पुढे-मागे केला की पुढची गोळी भरते), एक शॉटगन, सगळ्या 1900 च्या आधीच्या डिझाइनच्या, नव्याने बनवलेल्या चालतात. चारही नव्या घेतल्या तर तीन-साडेतीन हजार डॉलर सहज जातात, वर चामड्याचा पट्टा वेगळा. घ्यायच्याच झाल्या तर रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्हीत .38 स्पेशल चालेल असं बघ, एकच काडतूस, धक्का पण कमी. मी हौसेनं .45 कोल्ट घेतलं आणि काडतुसांच्या खर्चानं रडलो.

एका स्टेजला, म्हणजे मॅचमधल्या एका फेरीला, साधारण 10 गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या, 10 रायफलच्या आणि चारेक शॉटगनच्या. टार्गेटं मोठी आणि जवळ असतात, नेम फारसा लागत नाही, वेळ जातो तो एक बंदूक ठेवून दुसरी उचलण्यात. चुकलेल्या प्रत्येक गोळीला 5 सेकंद, क्रम चुकला तर 10. माझी पहिली स्टेज 98 सेकंद, त्यात सात मिस म्हणजे 35 सेकंद दंडाचेच. मुरलेले लोक 20 च्या आत संपवतात, बघताना आपलीच लाज वाटते.

न्यूजर्सीची_नीता:
एक विचारते, राग मानू नका, व्हिसा स्टेटस काय आहे? एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं फेडरल कायद्यानं बंद आहे, उसनी घेतलेली पण त्यातच येते. चालू हंटिंग लायसन्स खिशात असेल तर सूट आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. ग्रीन कार्डवाल्यांना हा फेडरल अडथळा नाही, राज्याचे नियम मात्र वेगळे बघावे लागतात.

फिनिक्सकर:
नीताताई, ग्रीन कार्ड गेल्या वर्षीच आलं. पण बरं झालं सांगितलंत, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

टेक्सासतात्या:
हे मी लिहायला हवं होतं, थँक्स नीता. आता रिव्हॉल्व्हर भरण्याचं. सहा घरं असली तरी पाचच भरायची. एक भर, एक घर सोड, मग सलग चार भर, घोडा (मागचा हॅमर, बोटानं दाबायचा चाप नव्हे) पूर्ण मागे ओढून हळूच खाली सोड, तो बरोबर रिकाम्या घरावर बसतो. कारण जुन्या पद्धतीत घोडा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असेल आणि बंदूक पडली तर गोळी सुटू शकते. हे भरणं फक्त लोडिंग टेबलावर, शेजारी कोणीतरी बघत असतं. आणि नळीचं तोंड कायम टार्गेटकडे! मी तिसऱ्या मॅचला रायफल ठेवून वळताना डावीकडच्या माणसाशी बोलायला गेलो, हातातली शॉटगन पण माझ्याबरोबर वळली, सरळ स्टेजमधून बाद. रिकामी होती तरी. कोणी ओरडलं नाही, पण सगळे गप्प झाले ते अजून आठवतं.

पुण्याहून_सम्या:
इकडे काही सोय आहे का ओ असली?

टेक्सासतात्या:
अमेरिकेसारखी नाही रे, भारतात आर्म्स अ‍ॅक्ट 1959 आहे, लायसन्सशिवाय खरी बंदूक नाही. 10 मीटर एअर रायफलची रेंज शोध, आपला नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 ला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते बघून कोल्हापुरात किती पोरं वळली असतील.

न्यूजर्सीची_नीता:
ते टोपणनाव पण घ्यावं लागतं ना? एकानं घेतलेलं दुसऱ्याला मिळत नाही असं ऐकलंय.

टेक्सासतात्या:
हो, या खेळाच्या संस्थेचा मेंबर झालं की नोंदवायचं, तिथे खऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. फिनिक्सकर, तू 'कोल्हापुरी कट्टा' घे, फक्त कस्टमवाल्याला अर्थ सांगू नकोस.

फिनिक्सकर:
😂 मी मूळचा सातारचा आहे पण चालेल. शनिवारी जातोय, आजोबा बंदुका देतायत, चष्मा आणि कानाचे प्लग मी घेतले. बूट नाहीत, कोल्हापुरी घातली तर?

टेक्सासतात्या:
नको रे बाबा. रायफलमधून उडणारी गरम पुंगळी (रिकामं काडतूस) उघड्या पायावर पडली की स्टेजवरच लेझीम सुरू होईल. साधे चामडी बूट घाल, स्पोर्ट्स शूज तेवढे नकोत.