‘बॉनी केट’ या आयरिश रीलची मूळ ध्वनिमुद्रणे आणि विश्वासार्ह स्वरलेखने कशी शोधावीत?

गज_आणि_घोडी:
नमस्कार. सध्या मी आयर्लंडमधील गॉलवे येथे राहतो आणि तेथील एका शिक्षिकेकडे आयरिश फिडल (पारंपरिक पद्धतीचे व्हायोलिन) शिकतो. आधी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवीत असल्यामुळे कानाने चाल उचलणे मला जड जात नाही. अडचण वेगळीच आहे. ‘बॉनी केट’ ही रील, म्हणजे जलद लयीची नृत्याची चाल, जुन्या तबकड्यांवरील फिडलवादक मायकेल कोलमन यांच्या वादनावरून बसवून आणावी, असे शिक्षिकेने सांगितले आहे. आंतरजालावर मिळालेली प्रत डी पट्टीऐवजी अर्धा स्वर चढ्या ई फ्लॅटच्या जवळपास ऐकू येते. आयरिश चालींचे संग्राहक फ्रान्सिस ओनील यांच्या संग्रहातील लेखन डी मध्ये आहे, परंतु त्याचा दुसरा भाग कोलमन वाजवतात त्याच्याशी जुळत नाही. आणि संकेतस्थळांवरील लेखने तर एकमेकांशीही जुळत नाहीत. कोणते ध्वनिमुद्रण आधारभूत मानावे, कोणत्या लेखनावर भिस्त ठेवावी, आणि ओनील यांच्या आधीचा काही छापील पुरावा मिळतो का, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी_तबकडी:
ध्वनिमुद्रणाचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. कोलमन (1891–1945) हे काउंटी स्लायगोमधील किलाव्हिल परिसरातले. 1914 मध्ये ते अमेरिकेत गेले आणि त्यांच्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये निघाल्या. ‘बॉनी केट’ त्यांनी 1934 मध्ये डेक्का कंपनीसाठी वाजवली, ती ‘जेनीज चिकन्स’ या दुसऱ्या रीलला जोडून. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यात दोन रील एकापाठोपाठ बसवणे ही त्या काळची सोय होती, पण ही विशिष्ट जोडी इतकी रूढ झाली की आजही एक संपली की वादकांचे हात आपोआप दुसरीकडे वळतात. शोध घेताना दोन्ही नावांनी घ्यावा, कारण पुष्कळ याद्यांत दोहोंपैकी एकच नाव नोंदलेले असते.

ऐकण्यासाठी गेल लिन आणि व्हिवा व्होचे या ध्वनिमुद्रण संस्थांनी 1992 मध्ये काढलेला, हॅरी ब्रॅडशॉ यांनी संपादित केलेला कोलमन यांचा दोन भागांचा संच घ्यावा. आंतरजालावरील प्रती कोणी कोणत्या यंत्रावरून उतरवल्या याचा पत्ता नसतो. तबकडी मिनिटाला 78 ऐवजी सुमारे 82.6 फेरे घेऊ लागली की स्वर बरोबर अर्धा चढतो, त्यामुळे डी ची रील ई फ्लॅटमध्ये ऐकू येण्यास तेवढे निमित्त पुरते.

तबकडीची ओळख लेबलावरून न पटवता मॅट्रिक्स क्रमांकावरून, म्हणजे कंपनीने त्या ध्वनिमुद्रणाला दिलेल्या क्रमांकावरून, पटवावी. हा क्रमांक लेबलाच्या कडेला, खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला असतो. एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या लेबलांवर पुन्हा निघे, आणि उलट एकाच क्रमांकापुढे ए किंवा बी असे अक्षर असेल तर ती एकाच चालीची दोन निरनिराळी वादने असू शकतात. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची याच क्रमांकाने चाळता येते, आणि ती विनामूल्य आहे.

पोथीवाचक:
लेखनांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे.

ओनील (1848–1936) हे काउंटी कॉर्कमधून गेलेले शिकागोचे पोलीसप्रमुख. 1903 च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात 1850 चाली आहेत आणि 1907 च्या दुसऱ्या संग्रहात 1001. वादक नुसते ‘द बुक’ म्हणतात ते या दुसऱ्याला. त्यांना हव्या असलेल्या चाली कागदावर उतरवण्याचे काम मुख्यतः जेम्स ओनील या पोलीस खात्यातील सहकाऱ्याने केले. आपल्याकडे वकिली सोडून बंदिशी जमवणारे भातखंडे त्याच पिढीतले आणि त्यांचेही निधन 1936 मधलेच, हे आठवल्याशिवाय राहवत नाही. बंदिशीच्या स्वरलिपीप्रमाणेच ओनील यांचे पानही चालीचा सांगाडा देते. गजाची दिशा, रोल आणि तिहेरी स्वर हे अलंकार यांपैकी फारच थोडे त्यात उतरले आहे. शिवाय ते कोलमन यांच्या तबकडीच्या सुमारे तीन दशके आधीचे असल्यामुळे दोन्ही जुळावेत ही अपेक्षाच चुकीच्या जागी आहे.

याउलट संकेतस्थळांवरील बहुतेक अलीकडची लेखने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे त्या 1934 च्या वादनावरच आधारलेली दिसतात. एकाने चालीची पहिली फेरी उतरवलेली असते, दुसऱ्याने तिसरी, तिसऱ्याने आपल्या शिक्षकाचे वळण त्यात मिसळलेले असते. अशी दहा लेखने जुळली, तरी ते दहा साक्षीदार ठरत नाहीत. साक्षीदार एकच राहतो.

ओनील यांच्या मागे जायचे असेल तर स्कॉटलंडकडे वळावे लागते. ही चाल तेथील डॅनियल डाव (1732–1783) यांच्या नावावर सांगितली जाते, आणि तेथे तिचे नाव ‘द बॉनी लास ऑफ फिशररो’ असे आहे. फिशररो हे एडिनबरोजवळचे बंदर. म्हणून नावाने शोधू नये, सुरावटीने शोधावे. आयरिश संग्राहक ब्रेनडन ब्रानाख यांनी चालींच्या आरंभीच्या, ठेक्याच्या आघातावर येणाऱ्या स्वरांना आकडे देऊन हजारो कार्डांची सूची केली, ती याच गरजेपोटी. त्यांच्या ‘क्योल रिन्के ना हेरन’ (आयर्लंडचे नृत्यसंगीत) या मालिकेचा (पहिला खंड 1963) आणखी एक गुण असा की चाल कोणत्या वादकाकडून घेतली ते तेथे नोंदलेले असते. 1855 पर्यंतच्या छापील आणि हस्तलिखित साधनांसाठी फ्लाइशमन यांनी संपादित केलेली, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी सूची पाहावी. तुम्ही आयर्लंडमध्येच असल्यामुळे डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरवरील आयरिश पारंपरिक संगीत अभिलेखागारात हे सर्व एकाच टेबलावर मागवता येईल.

उलटा_गज:
वरील माहिती मोलाची आहे, परंतु प्रश्नकर्त्याच्या शिक्षिकेने त्यांना वंशावळ मागितलेली नाही, कोलमन मागितला आहे. डाव यांच्या छापील पानावरून कोलमन यांचा दुसरा भाग कळणार नाही. माझ्या मते प्रत्येक फेरी स्वतः कानाने उतरवावी आणि सर्व फेऱ्या एकाखाली एक, मात्रेखाली मात्रा येईल अशा लिहाव्यात. कोणते स्वर हलत नाहीत आणि कोलमन कोठे मोकळे सुटतात, हे अशा तक्त्यात दिसते. उसन्या लेखनात ते दिसत नाही. नाव माहीत नसलेली चाल ओळखायची असेल तेव्हा वाजवलेल्या सुरावटीवरून चाल ओळखणारे ट्यूनपालसारखे साधन जरूर वापरावे, मात्र येथे नाव हाताशी असल्यामुळे त्याची गरज नाही.

गज_आणि_घोडी:
सर्वांचे आभार. फेऱ्यांचा तक्ता आज सुरू करतो. एक शंका उरते: चढलेला स्वर तबकडीच्या वेगामुळे आहे की फिडलच मुळात चढ्या पट्टीत लावले होते, हे ऐकून ठरवता येते का?

जुनी_तबकडी:
काही अंशी येते. प्रथम 1992 च्या संचातील प्रतीशी पट्टी ताडून पाहावी. तीही तितकीच चढी निघाली, तर मोकळ्या तारांकडे कान द्यावा. डी आणि ए या मोकळ्या तारा वाजताना जो भरदार गुंजारव उठतो, तो दाबलेल्या स्वरांतून उठत नाही. तो ई फ्लॅट आणि बी फ्लॅटवर ऐकू आला, तर बोटे डी च्याच जागी आहेत असे खुशाल धरावे. वेग की तारा, याचा निकाल एवढ्यावरून लागत नाही, पण तुमच्या कामापुरते त्याने अडत नाही. प्रत अर्ध्या स्वराने उतरवून घ्यावी आणि डी मध्ये बसवावी. उतरवताना मात्र स्वर आणि वेग एकत्र उतरतील अशी सोय निवडावी. केवळ स्वर उतरवणाऱ्या प्रणालीत गजाचे आघात पुसट होतात, आणि कोलमन ऐकायचा तो त्यासाठीच.