बोललो एक, उमटलं भलतंच: फोनला सांगून लिहिण्याचे अनुभव

गिरणाकाठ

काल रात्री जेवून ओट्यावर बसलो होतो. खिशातून फोनमधली बाई बोलली, "बॅटरी १५ टक्के शिल्लक." रोजचंच आहे ते. पण काल घरात बापूंच्या वर्षश्राद्धाचं सामान आणून ठेवलेलं, आणि ते ऐकून मी एकटाच हसत सुटलो. बायकोने आतून विचारलं, काय झालं? म्हटलं, बापू आठवले.

गोष्ट २०१८ ची. माझी नजर तेव्हा जवळजवळ संपलेली (आरपी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार. लहानपणी रातांधळेपणापासून सुरुवात). स्क्रीन रीडर, म्हणजे फोनवरचं सगळं वाचून दाखवणारी ही बाई, शिकून चारच महिने झाले होते. बोलून मराठी लिहिणं तर त्याहून नवं, गूगलने आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मराठी आणलं होतं. मला वाटायचं, आता कोणाची गरज नाही.

बापूंना जुलाब-उलट्या झाल्या, शुगर उतरली. जळगावला दवाखान्यात आणलं, सलाईन लावली, तासाभरात माणूस गप्पा मारायला लागला. मोठा भाऊ सुरतेला, त्याचा फोन लागेना. म्हणून मेसेज बोललो, "दादा, बापूंना ॲडमिट केलंय, काळजी करू नको, सकाळी फोन करतो." बोलताना मधेच बाई काहीतरी म्हणाली. मी थांबलो, ती संपल्यावर पुढे बोललो. ती मला सांगत होती, पण माईकला काय माहीत! इअरफोन नाही, आवाज फुल. पाठवण्याआधी परत ऐकायची सवय तेव्हा नव्हती. दादाला गेलं ते असं:

"दादा बापूंना ॲडमिट केलंय १५ टक्के शिल्लक काळजी करू नको सकाळी फोन करतो"

'बॅटरी' हा एवढा एकच शब्द गाळला मेल्याने. आणि त्यानंतर माझा फोन बंद पडला.

दादा रात्रीच निघाला, वहिनी आणि दोन्ही पोरं घेऊन. नंदुरबार, अमळनेर करत पहाटे जळगाव, स्टेशनवरून रिक्षाने थेट वॉर्डात. बापू कॉटवर मांडी घालून मऊ खिचडी खात होते. दादा दारातच खाली बसला. उलगडा झाल्यावर वहिनी मला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. बापू मात्र खूश. दादा दोन वर्षांत घरी आला नव्हता. म्हणाले, "पंधरा टक्का का होईना, आंडोर ते उना!" म्हणजे, पोरगा तर आला.

तर होऊ द्या. घोटाळे, जुगाड, काहीही. घरच्यांनीही सांगा, तेच जास्त भोगतात.

खापरावरची

आंडोर ते उना, हाहाहा. कुकर लावलाय, माझा किस्सा नंतर टाकते.

कांदेबाग

माझं नावच माझा किस्सा आहे. केळी आहे आमची, सावद्याकडे. केळीच्या लागवडीचे दोन हंगाम, मृगबाग आणि कांदेबाग. नजर गेली तरी बाग मीच बघतो, म्हणजे हाताने बघतो, घडावर हात फिरवला की भरलाय का नाही कळतं. एका नव्या, बाहेरच्या व्यापाऱ्याला बोलून लिहिलं, "कांदेबाग कापणीला आलाय, गाडी पाठवा." फोनने 'कांदे' वेगळं टाकलं, 'बाग' वेगळं. त्या माणसाला मृगबाग कांदेबाग कुठून माहीत असणार. त्याचं उत्तर, "कांदे नको भाऊ, केळी असेल तर सांगा."

मी तो मेसेज चारदा ऐकला. चारही वेळा बरोबरच ऐकू आला! मधली मोकळी जागा बाई थोडीच वाचते.

सावद्याचं तर विचारूच नका. "उद्या सावद्याला येतो" म्हटलं की "उद्या सौद्याला येतो". ते दुरुस्त करत नाही. येतो सौद्यालाच.

रात्रपाळी

गिरणाकाठ भाऊ, बाईचं बोलणं मेसेजात घुसणं हा सगळ्यांचा पहिला घोटाळा. माईकचं बटण दाबल्यावर 'टुंग' वाजेपर्यंत गप्प राहायचं. लोक बटण दाबलं की लगेच सुरू होतात, मग पहिले दोन शब्द जातात नाहीतर बाईचे दोन येतात. आणि एका कानात तरी वायरवाला इअरफोन.

बटण शोधत बसायचीही गरज नाही आता. आयफोनवर व्हॉइसओव्हर (तिथली वाचणारी बाई) चालू असेल तर लिहायच्या जागी दोन बोटांनी दोनदा टॅप, डिक्टेशन सुरू. परत तसंच केलं की बंद. टॉकबॅकच्या (अँड्रॉइडवरची बाई) नव्या आवृत्तीत जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, उघडा असेल तर तिथेही चालतं.

पण त्याच टॅपने आलेला फोनही उचलला जातो, हे मी किंमत देऊन शिकलो. मित्राला सांगायचं होतं, "आज मोठ्या साहेबांनी सकाळपासून डोकं खाल्लंय." दोन बोटं टेकवली, त्याच क्षणी फोन आला. फोन कोणाचा ते सांगायची गरज आहे का? पूर्ण वाक्य त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवलो नाही ना अजून, म्हणून."

केळफूल

बापरे. नोकरी आहे ना अजून?

रात्रपाळी

आहे. रात्रपाळी मात्र तेव्हापासून कायम.

पांझरा

मी शाळेत आहे, धुळ्याला. चूक कानाला लागली तर दुरुस्त करता येते. मला भीती वाटते ती कानाला न लागणाऱ्या चुकीची. ऱ्हस्व-दीर्घ ऐकू कुठे येतं? पाच सप्टेंबरला सकाळी सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर मी शुभेच्छा टाकल्या. मला ऐकू आलं झकास. दुपारी एका मैत्रिणीने हसत हसत सांगितलं, अगं तू 'शिक्षक दीनाच्या' शुभेच्छा दिल्यास. तोपर्यंत खाली तेवीस जणांनी अंगठे दाखवलेले आणि मुख्याध्यापकांनी लिहिलेलं, "वस्तुस्थिती मांडल्याबद्दल आभार."

आता शाळेचं काही असेल तर रीडिंग कंट्रोल (बाईने ओळ वाचायची, शब्द का अक्षर, ते ठरवायची सोय) अक्षरांवर आणून एकेक अक्षर ऐकते. दहा ओळींना अर्धा तास जातो. डोळस सहकारी म्हणतात, तुझं बरं आहे, नुसतं बोलायचं. असू दे.

आणि विरामचिन्हं! माझ्या फोनला 'पूर्णविराम' म्हटलं तर तो प्रामाणिकपणे 'पूर्णविराम' असा शब्द लिहितो. सासूबाई गेल्या तेव्हाच्या मेसेजात शेवटी "त्यांचे आज पहाटे निधन झाले पूर्णविराम" असं गेलं होतं. लोकांना वाटलं मी मुद्दाम तसं लिहिलं. दोघातिघांनी फोन करून सांगितलं, किती छान लिहिलंस गं.

तापीची लेक

मी डोळस आहे, जिजीसाठी लिहिते. जिजी म्हणजे माझी आई, शिरपूरला असते. शुगरमुळे डोळे गेले पाच वर्षांपूर्वी. फोन मी शिकवला तिला, दोन दिवाळ्या गेल्या त्यात.

जिजी अहिराणी बोलते. बोलून लिहायला मराठी आहे, अहिराणी नाही. "माले बरं वाटस" म्हटलं की "माळे बरं वाटत" असलं काहीतरी यायचं. बाई ते वाचून दाखवायची आणि जिजीला वाटायचं आपलंच चुकलं. मग हळूहळू ती फोनशी बोलताना शुद्ध बोलायला लागली, पाहुणे आल्यावर बोलते तशी. मला पुण्यात मेसेज यायचे, "मी बरी आहे. तू जेवण केलेस का?" माझी आई जन्मात माझ्याशी असं बोललेली नाही. शाळेतून चिठ्ठी आल्यासारखं वाटायचं.

शेवटी मीच सांगितलं, जिजी, तुला जसं बोलायचं तसं बोल, उमटू दे काय उमटायचं ते, मला कळतं. परवा आलं, "कामबाईले सर्वा या लवकर या". आमच्याकडच्या कानबाई देवीच्या सणाचं आमंत्रण होतं. आम्ही सर्वा गेलो.

केळफूल

ताई, भाजी निवडता निवडता वाचलं आणि डोळे पुसले. माझी माय पण अशीच होती. शिरपूरला कुठे तुमचं? माझी मावशी तिथेच दिली होती.

तापीची लेक

निरोपात कळवते. मावशींचं माहेर कुठलं?

केळफूल

पारोळ्याचं. अहो ओळख निघेल बघा नक्की.

सहा ठिपके

मी फोनशी बोलतच नाही. चोपड्याहून जळगावला येत होतो, एसटी गच्च. इअरफोन घरी राहिलेला. बँकेचा ओटीपी आला आणि फोनने तो सगळ्या गाडीला सांगितला. मागून एक आजोबा म्हणाले, "पोरा, हळू सांगायला लाव तिले, मी लिहून घी राहिनू." गाडी हसली, मीही हसलो, पण घरी येऊन विचार केला. येतं ते तिने सगळ्यांना सांगायचं, जातं ते मी सगळ्यांना सांगायचं. मग माझं असं काय उरलं? बायकोशी भांडायचं असलं तरी गच्चीवर जाऊन मेसेज बोलावा लागायचा, आणि गच्चीवर शेजारीण पापड वाळत घालत असायची.

टॉकबॅकमध्ये २०२० पासून ब्रेल कीबोर्ड आहे. फोन आडवा धरायचा, स्क्रीन बाहेरच्या बाजूला, सहा बोटं सहा ठिपक्यांवर. मी त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. शाळेत पाटी-टोचणीवर ब्रेल गिरवलेल्यांना आठ दिवसांत जमेल. भांडण आता एकदम शांततेत होतं.

शेवभाजी

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. एवढा खटाटोप कशाला, व्हॉइस मेसेज पाठवायचा ना सरळ?

पांझरा

फॉर्म भरायला, रजेचा अर्ज करायला, काही शोधायला व्हॉइस मेसेज चालतो का हो?

लळिंगचा वारा

शेवभाजी, माझं उत्तर ऐका. माझा जिवलग मित्र जन्मापासून कर्णबधिर. मला दिसत नाही, त्याला ऐकू येत नाही. आधी एकमेकांच्या शेजारी बसून आम्हाला तिसरा माणूस लागायचा. आता मी बोलतो, त्याच्या फोनवर अक्षरं उमटतात. तो टाइप करतो, माझा फोन वाचतो. लाइव्ह ट्रान्स्क्राइब (बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं ॲप) पण वापरतो आम्ही, २०१९ पासून आहे ते. चहाच्या टपरीवर लोक बघत राहतात म्हणे, एकजण बडबडतोय, दुसरा खाली मान घालून बसलाय, आणि दोघंही हसताहेत. फोन चुकीचं लिहितो तेव्हा तर जास्तच. त्याने माझं नवीन नाव ठेवलंय, फोनने एकदा लिहिलेलं. इथे सांगण्यासारखं नाही.

शेवभाजी

कळलं. माफी.

आसोदेकर

भरीत पार्टीचा मेसेज मी टाकला होता, "रविवारी शेतात भरीत करू, सगळे या." गेला, "रविवारी शेतात भारत करू, सगळे या." काकांचं लगेच उत्तर, "जय हिंद."

कांदेबाग

हाहाहा. वांगी कुठली होती पण? बामणोदची असतील तर मी आत्ता निघतो.

आसोदेकर

नाव वाचा माझं. वांगं आसोद्याचंच.

रात्रपाळी

झालं, आता हा धागा गेला भरताच्या वाटेने. काड्यांवर भाजलेलं असलं की मला दोन्ही चालतं. गॅसवर भाजणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आसोदेकर

आसोद्याचं निघालंच म्हणून सांगतो. बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं? त्या काम करता करता ओव्या म्हणत गेल्या आणि त्यांच्या लेकाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतलं. त्यांना सोपानदेव मिळाले, आपल्याला हा भारतवाला.

नवी वाट

मी कधी लिहीत नाही इथे. माझ्या भावाची नजर यावर्षी गेली, वय २४. फोनला हात लावत नाही, म्हणतो ती बाई डोक्यात जाते. काय करू?

गिरणाकाठ

ताई, आधी बाईचा वेग आणि आवाज त्याला हवा तसा लावून द्या. सेटिंगमध्ये बदलता येतं. मलाही पहिले दोन महिने फोन विहिरीत टाकावासा वाटायचा. क्रिकेट बघतो का तो? स्कोअरपासून सुरू करा, मेसेजपासून नको. आणि शिकवताना त्याच्या हातातून फोन काढून घेऊ नका, कितीही उशीर लागला तरी. हे फार महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेचं नोटा ओळखायचं 'मनी' (MANI) ॲप टाकून द्या, दुकानात एकटा जाईल. त्याला वाटलं तर माझ्याशी बोलू द्या, निरोपात नंबर देतो.

सहा ठिपके

आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमधून वायरवाला इअरफोन आणा पहिला. ब्लूटूथला माईक जागा होईपर्यंत पहिला शब्द जातो. "नको येऊ" मधला 'नको' गेला की पाहुणे दारात.

नवी वाट

सगळ्यांचे आभार. त्याला गाडीतले आजोबा वाचून दाखवले. हसला.

गिरणाकाठ

उद्या दादा येतोय सुरतेहून. २०१८ पासून माझा कुठलाही मेसेज गेला की त्याचं पहिलं उत्तर एकच असतं, "टक्के किती?" आत्ताही आलं.

खापरावरची

आले. कुकर झाला, पोरं जेवली, भांडी पडलीत ती पडू दे.

मला थोडं दिसतं, पण अक्षरं नाही. नणंदेला डुबुकवड्यांची कृती हवी होती, ती नाशिकला. म्हटलं बोलून पाठवते. माईक चालू केला आणि तेवढ्यात धाकटा चढला ओट्यावर. परत ऐकायला वेळ कुठे, दिलं पाठवून. गेलेलं असं:

"हरभऱ्याची डाळ रात्री भिजत घाल नालायका खाली उतर जाडसर वाट त्यात लसूण जिरं पडशील मेल्या मीठ आणि रश्शाला उकळी आली की एकेक अलगद सोड बापाला सांगते थांब"

नणंदेने तसेच केले म्हणे, मस्त झाले. त्यांच्या घरी आता डुबुकवडे कोणी म्हणतच नाही. तिचा मुलगा विचारतो, आई, आज 'नालायका खाली उतर' करशील का?