फड बागायत परत आणावी का? पांझरा-मोसमचे जुने पाट आणि आजचं पाणीवाटप

पाटस्थळ
पाणीवाटपाचा विषय निघाला की आपली गाडी थेट इस्रायलला जाते. धुळे-नाशिककडच्या साक्री-सटाण्याला कुणी थांबत नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची रीत, चालली. पात्रात आडवा खडक लागेल तिथे चुन्यातला दगडी बंधारा. उंची बेताची, पूर डोक्यावरून निघून जातो. कडेने पाट काढायचा, जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीत सोडायचं. सगळं उतारानं.

खरी गंमत पुढे आहे. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, फड १० हेक्टरांचा असेल नाहीतर २०० चा. यंदा ऊस कुठे, गहू कुठे, कुठला फड कोरडा ठेवायचा, हे पंच ठरवणार. एका फडात एकच पीक. शेतकऱ्याचे पट्टे वेगवेगळ्या फडांत, म्हणून एक फड वगळला तरी झळ सगळ्यांना. पाणी भरायला कुणी आपापलं जायचं नाही. पाटकरी ओळीने शेतं भिजवत जाणार, जागल्या पीक राखणार, दोघांवर हवालदार.

आज कालव्याच्या शेपटाचा शेतकरी रात्रभर चारीवर बसतो आणि पाणी वरच्यावरच संपतं. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी फडाचे नियम घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिटायर्ड शाखा अभियंता
नियम घ्याल हो, नदी कुठून आणाल? पांझरेवर वर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. बंधारा जगायचा तो पावसाळ्यानंतर वाहत राहणाऱ्या पाण्यावर. ते आता धरणात अडतं, उरलेलं काठच्या विहिरी ओढतात. पाणी कधी सोडायचं हे पंचांच्या हातात राहिलेलं नाही, ते आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीच्या, तारखेवर. पंचांची सत्ता गेली ती लोक बिघडले म्हणून नव्हे, पाण्याची चावी वर गेली म्हणून. धरणं नकोत असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात पिण्याचं पाणी त्यांच्यामुळेच मिळतं.

बागलाणकर
शहरात बसून लिहायला सोपं आहे, भाऊ. माझं चार एकर डाळिंब आहे. पंच म्हणाले 'यंदा हा फड पडीक', तर झाडं वर्षभर उपाशी ठेवू का? गव्हाचा फड एक हंगाम सोडता येतो, बाग नाही सोडता येत. कांद्याचं तर विचारूच नका, भाव बघून लागवड ठरते आणि भाव कुणी पंच ठरवत नाहीत. तेल्या रोगाने बाग काढायची वेळ आली तेव्हा नुकसान माझं एकट्याचं होतं. मग पीकही माझं मीच ठरवणार. शेततळं केलं, ठिबक केलं, कर्ज माझ्या नावावर आहे.

पाटस्थळ
@बागलाणकर, मी साक्री तालुक्यातलाच आहे, शहरातला नाही. डाळिंबाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण तुमचं शेततळं भरतं कशानं? विहिरीनं. आणि ती विहीर ज्या झिरपाव्यावर चालते त्यात शेजाऱ्याचाही वाटा आहे. पीक तुमचं, पाणी सगळ्यांचं, हा पेच फडवाल्यांनी निदान ओळखला होता.

इंग्रज काळातही पाटबंधारे खात्याला हेच करावं लागलं. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत (ठरावीक गटांनाच पाणी, त्यातल्या ठरावीक भागातच ऊस) आणली, तीही उसाला मोकळं रान न देण्यासाठीच. आणि हे गृहस्थ १८८४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बसवणं.

रिटायर्ड शाखा अभियंता
सायफनचं खरं. पण ब्लॉक पद्धत त्यांना फडावरूनच सुचली असं ठोकून देऊ नका.

कोरडवाहू
दोन्ही बाजूंचं वाचलं. दोघांच्याही हिशोबात जमीन असलेला माणूसच आहे. फडात हक्क कुणाला? ज्याचा पट्टा पाटाखाली त्याला. पाटकरी रात्रभर दुसऱ्याचा ऊस भिजवणार, त्याच्या पदरात धान्य. पाण्याचा वाटा नाही. पाटाच्या वरच्या अंगाला ज्याची माळजमीन, त्याला समोरून पाणी वाहताना बघायचं. याला समन्यायी म्हणताना जरा जपून.

विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमध्ये पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न देता घरातल्या माणसांवर दिला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. उदाहरण घ्यायचंच तर ते घ्या.

सातबारा
एक गोष्ट कुणीच मांडली नाही. फडाचा न्याय विखुरलेल्या पट्ट्यांवर उभा होता. उसाच्या फडात माझ्या चार सऱ्या, गव्हाच्या फडात एक पट्टा, तिसऱ्यात आणखी काही. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा नेमका या विखुरण्यालाच दोष मानतो. सलग जमीन नांगरायला सोयीची, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याची सगळी जमीन एका जागी आली त्याचा फड कोरडा ठेवला तर तो पूर्ण बुडेल, आणि शेजारचा तरेल. मग तो पंचांचं का ऐकेल? पट्टे विखुरलेले नसतील तर नुसते नियम उचलून काही होत नाही.

पाटस्थळ
@सातबारा, हा मुद्दा माझ्या मांडणीला सगळ्यात जास्त अडचणीचा आहे. तरी एक सुचवतो. पट्टे एकत्र आलेत तर जमिनीऐवजी पाणी वाटा. पाणी कमी आलं की प्रत्येकाचं सारख्या प्रमाणात कापायचं, कुणाचंही पूर्ण बंद नाही.

बागलाणकर
म्हणजे मोजून पाणी. ते पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या कायद्यात आहेच की! संस्थेला घनमापन पद्धतीने पाणी, पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने बघावं. एवढं फिरून तुम्ही माझ्याच बांधावर आलात.

पाटस्थळ
अर्धाच आलोय. मोजून दिलेलं पाणी कुणी चारी फोडून घेतलं तर त्याला अडवणार कोण? फडात ते काम पाटकऱ्याचं होतं, आणि शेतकऱ्याने पाण्याला हातच लावायचा नाही ही शिस्त होती. तुमच्या संस्थेने पगारी पाटकरी नेमलाय का?

बागलाणकर
नाही नेमला. पाणीपट्टीच वसूल होत नाही, पगार कुठून देणार?

कोरडवाहू
नेमाल तेव्हा त्याला पगारासोबत पाण्याचा वाटाही द्या.