विषयपत्रिका आधी द्या, अपडेट नंतर

गोदाकाठ

'अधिसभेचा तमाशा बंद करा' ही पोस्ट कालपासून फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठ आता दर आठवड्याला प्रशासकीय घडामोडींचा गोषवारा मोबाईलवर पाठवतं. परीक्षा, पात्रता, शिष्यवृत्ती, संलग्नीकरण, सगळं घरबसल्या कळतं. मग अधिसभेनं, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटनं, वर्षातून दोनदा सभागृहात बसून आरडाओरडा कशाला? अधिकाऱ्यांना काम करू द्या.

हे वाचून गप्प बसवेना. गोषवारा येतो तो निर्णय झाल्यावर. प्राधिकरणापुढे, म्हणजे अधिसभा, विद्यापरिषद अशा मंडळांपुढे, विषय येतो तो निर्णयाआधी, टिपणीसह, आणि तिथे 'नाही' म्हणता येतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचं कलम २८ अधिसभेला आर्थिक अंदाज आणि अंदाजपत्रकीय तरतुदींचं मुख्य प्राधिकरण म्हणतं. अभ्यासक्रमांबद्दल समाजाचं म्हणणं विद्यापीठापर्यंत पोचवणं हेही तिचंच काम. मोबाईलवरच्या मेसेजला उपप्रश्न विचारता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणातला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, घ्या. नियम असा की तो विषय विद्यार्थ्याच्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) विद्याशाखेबाहेरचा हवा. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या कॉलेजात तिन्ही शाखा असतात, तिथे अडचण नाही. पण भूमकडच्या, फक्त कला शाखा असलेल्या कॉलेजनं विज्ञान-वाणिज्याचा शिक्षक आणायचा कुठून? मग मराठीचा प्राध्यापक पर्यावरणाचा पेपर घेतो, शिकवण्याच्या तासांचा वर्कलोड कागदावर बसतो आणि वर्ग रिकामा राहतो. तालुक्याच्या कॉलेजातला एक माणूस अभ्यासमंडळात, म्हणजे त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत, बोलला असता तर हे पहिल्या बैठकीतच समोर आलं असतं. अभ्यासमंडळ, मग विद्याशाखा, शेवटी विद्यापरिषद हा मंजुरीचा लांबचा रस्ता त्यासाठीच आहे.

कागद_आणि_काम

मूळ पोस्ट माझी, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

लांबच्या रस्त्यावर काय होतं तेही लिहा ना. अभ्यासमंडळाच्या बैठकीचं पत्र निघतं, गणपूर्ती होत नाही, बैठक तहकूब. तोवर प्रवेश सुरू. बीएच्या पहिल्या सत्राचा वर्ग भरलाय आणि अभ्यासक्रम विद्याशाखेच्या टेबलावर अडकलाय. अशा वेळी कुलगुरू कलम १२(७) खाली विद्यापरिषदेच्या वतीनं मान्यता देतात आणि दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघतं. ते निघालं नाही तर परीक्षा अर्ज, प्रश्नपत्रिका, निकाल सगळं एकेक पाऊल मागे जातं. एका सत्राचा उशीर म्हणजे पुढं पदव्युत्तर प्रवेश हुकणं.

अधिसभेत तरी काय होतं? पहिले दोन तास हरकतीचे मुद्दे, मग स्वतःच्या कॉलेजच्या तक्रारी, आणि कोट्यवधींचं अंदाजपत्रक शेवटच्या अर्ध्या तासात 'मंजूर, मंजूर'. मुख्य प्राधिकरण म्हणून तुम्ही जे दाखवताय ते एवढंच आहे.

गोदाकाठ

१२(७) तुम्ही अर्धंच सांगितलं. तो तातडीचा अधिकार आहे. वापरल्यावर केलेली कारवाई त्या प्राधिकरणाला लवकरात लवकर कळवायची असते, आणि प्राधिकरण सहमत नसेल तर विषय कुलपतींकडे जातो. जूनमध्ये कॉलेज सुरू होणार हे जानेवारीतही माहीत असतं, त्याला तातडी कसं म्हणायचं? अभ्यासमंडळाची बैठक नोव्हेंबर-डिसेंबरात लावली, मसुदा महिनाभर कॉलेजांना दिला, तर मार्चात विद्यापरिषद होते. एकाच दिवशी पंधरा अभ्यासक्रम १२(७) खाली निघू लागले की कॅलेंडर कोलमडलंय असं समजावं.

अंदाजपत्रक शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात हे खरं आहे. मान्य. पण कारण बघा. जाड पुस्तक सदस्याच्या हातात सभेच्या तोंडावर पडतं. गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि नवी तरतूद हे तीन आकडे शेजारी ठेवून बघायला चार दिवस लागतात. परीक्षा विभागाच्या शीर्षाखाली तरतूद वाढली आणि प्रत्यक्ष खर्च निम्मा राहिला, तर उरलेला पैसा पुनर्विनियोजनात, म्हणजे दुसऱ्या शीर्षाकडे वळवताना, कुठे गेला हे विचारायचं असतं. सभागृहात बसल्या बसल्या ते कुणाला सापडेल?

मांजरा_खोरं

तुम्ही दोघं कलमं मोजायलेत. मुळात तिथं बसतं कोण, ते बोला. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात, त्यातल्या पाच जागा राखीव. पदवी मिळाली म्हणून मतदार होत नाही कुणी. वेगळा अर्ज, पदवीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, शुल्क, मग छाननी, प्रारूप यादी, हरकती, अंतिम यादी. पुण्याला कंपनीत लागलेल्या धारूरच्या पोराला हे कुणी सांगतं का? अर्ज भरतात शिक्षणसंस्थांची कार्यालयं. शिक्षक, लिपिक, त्यांच्या घरचे, सगळ्यांचे अर्ज एकाच लॉगिनवरून, एकाच मोबाईल नंबरवर. निवडणूक आली की तीच संस्था, तेच केंद्र. यादी ज्याची, जागा त्याची. मग अंदाजपत्रकावर कोण बोलणार?

शिवार_७२

मांजरा खोरं यांच्याशी शंभर टक्के सहमत. अधिसभेतल्या शिक्षक गटाचंही तेच. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासागणिक मानधनावरचा, माणूस सकाळी दोन तास शिकवतो, पेपर तपासतो, नॅकच्या (कॉलेज मूल्यांकनाच्या) फायली तोच भरतो. शिक्षकांच्या मतदार यादीत मात्र मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकच. कित्येक विभाग अशाच माणसांवर चालतात. त्यांना मतच नाही, तर हा सहभाग कुणाचा?

कागद_आणि_काम

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. यादी संस्थाचालकांची, सभागृह त्यांचं. अशा सभागृहापेक्षा थेट विद्यार्थ्याच्या मोबाईलवर येणारी माहिती जास्त प्रामाणिक आहे.

गोदाकाठ

नाही. यादी वाईट असेल तर यादी दुरुस्त करायची, सभागृह कशाला मोडायचं? प्रारूप यादी लागल्यावर हरकतींचे दिवस मोजकेच असतात आणि तेवढ्यात कुणी ती उघडत नाही. उघडल्यावर तीन गोष्टी बघा: एकाच पत्त्यावर वीस-तीस नावं, एकच नाव दोन तालुक्यांत, आणि पदवीचं वर्ष कोरं. हरकत लेखी द्यायची, अनुक्रमांकासह, नावागणिक वेगळी, आणि पोच घ्यायची. 'यादी बोगस आहे' असं मोघम निवेदन दिलं तर ते फायलीला लागतं, पुढं काही होत नाही.

मांजरा_खोरं

हरकती घेऊन काय होतंय? छाननी करणारे कोण, विद्यापीठाचेच ना. पदवी देतानाच आपोआप नोंदणी करा, विषय संपला.

परतूर_रोड

आपोआप नोंदणी म्हणजे चार जिल्ह्यांत लाखोंची यादी. पत्ते विसाव्या वर्षीचे. मतदान एक टक्काही व्हायचं नाही, आणि जे होईल ते पुन्हा संस्थांच्या गाड्यांतून आलेल्यांचंच. यादी नुसती फुगवली तर गठ्ठा मतांचंच वजन वाढतं.

शिवाय मतदानाची पद्धतच लोकांना माहीत नाही. पसंतीक्रमाची निवडणूक आहे ही. प्रवर्गनिहाय वेगळी मतपत्रिका, आकड्यात १, २, ३ लिहायचं. बरोबरची खूण केली की मत बाद. १ दोन नावांपुढे लिहिला, बाद. खाली सही केली, बाद. नुसता १ लिहिला तर मत वैध, पण तो उमेदवार बाहेर पडला की ते मत पुढच्या पसंतीकडे न वळता तिथंच संपतं.

हिशोब बघा. खुल्या पाच जागा, समजा १२,००० वैध मतं. भागिले सहा (जागांपेक्षा एक जास्त), अधिक एक: कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, २,००१. म्हणजे सहाव्या हिश्श्याएवढी मतं एकत्र ठेवणारा छोटा गटही एक जागा काढू शकतो. राखीव जागेला मात्र एकच निवडायचा असल्यानं १२,००० भागिले दोन, अधिक एक: ६,००१. तिथं मोठं पॅनल सगळं घेऊन जातं. छोट्या संघटना नेमकं उलटं करतात. ताकद राखीव जागेवर घालतात आणि खुल्या गटात पाच उमेदवार उभे करून प्रत्येक जण 'मला फक्त १ द्या, पुढं काही लिहू नका' म्हणून सांगतो. पाचही जण शे-दोनशेवर बाद, आणि मतं एकमेकांकडे वळतच नाहीत. इथं संस्थाचालकांना दोष देऊन भागायचं नाही.

मांजरा_खोरं

तुम्ही पॅनलवाल्यांची वकिली करायलेत. गाड्या कोण पाठवतं, जेवणावळी कोण घालतं, ते हिशोबात बसत नाही का?

परतूर_रोड

वकिली कुणाचीच नाही. गाडीतून आणलेल्या माणसालाही मतपत्रिकेवर एकट्यानंच लिहायचं असतं. तुमच्या २,००१ लोकांना १ ते ५ क्रमानं लिहायला शिकवलंत का, एवढंच विचारतोय. शिकवलं नसेल तर राग माझ्यावर काढू नका.

शिवार_७२

पसंतीक्रमाचं गणित बरोबर आहे, ते मानावं लागेल. पण तासिकावाल्यांना त्यानं काय मिळतं? काहीच नाही.

कागद_आणि_काम

धागा निवडणुकीवर गेला. माझा प्रश्न तसाच आहे. सामान्य विद्यार्थ्याला अधिसभेतलं काय कळतं? गोषवाऱ्यातून निदान शेवटची तारीख तरी कळते.

गोदाकाठ

तारीख कळते, हे त्याचं मोल आहेच, आणि तो बंद करा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. पण त्यात काय नसतं ते बघा. 'अमुक शुल्कात सुधारणा करण्यात आली आहे' असं येतं. कोणत्या प्राधिकरणाच्या कोणत्या तारखेच्या बैठकीत, ठराव क्रमांक काय, नियमित मंजुरी की १२(७), तसं असेल तर प्राधिकरणापुढे कधी जाणार, आणि वाढ का केली, यातलं काहीही नसतं. या पाच गोष्टी दोन ओळींत बसतात. प्रशासनाकडे त्या आधीच असतात, कारण त्याशिवाय परिपत्रक निघत नाही.

आणि ही मेहेरबानी मागणं नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), आठवा मुद्दा: मंडळं, परिषदा, समित्या यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे स्वतःहून जाहीर करायचं आहे. त्याच कलमात ४(१)(घ): निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची आहेत.

कागद_आणि_काम

ठराव क्रमांक आणि कारण गोषवाऱ्यात असावं, एवढं मला मान्य. अधिसभेबद्दलचं मत बदललेलं नाही.

परतूर_रोड

कुणाला माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर: जोडपत्र अ (अर्जाचा नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत एकच विषय. 'माहिती द्यावी' असं लिहू नका. 'अमुक तारखेच्या विद्यापरिषदेची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि त्यावरचा कृती अहवाल, साक्षांकित प्रती' असं लिहा. प्रत पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील विद्यापीठातल्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे. तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ.

शिवार_७२

तासिका शिक्षकांच्या वर्कलोडच्या मान्यतेची फाईल यात मागता येते का? विषय एकच धरायचा की विभागागणिक वेगळा अर्ज?

परतूर_रोड

विभागागणिक वेगळा. एकत्र मागितलं तर एकापेक्षा जास्त विषय म्हणून परत करायला त्यांना कारण मिळतं.