नोकरी सांभाळून राज्यसेवेची तयारी: आधी वेळ कशाला द्यावा?

प्रश्न: मी शासकीय कार्यालयात लिपिक असून माझे वय ३१ आहे. खुल्या प्रवर्गाची ३८ वर्षांची मर्यादा लक्षात घेऊन राज्यसेवेची तयारी सुरू केली आहे. पण विभागीय परीक्षा, आईचे आजारपण आणि लहान मुलगी यांपैकी काहीच मागे ठेवावेसे वाटत नाही. रोज जेमतेम तीन तास मिळतात. प्राधान्यक्रम कसा लावावा?

उत्तर १: विभागीय परीक्षा आधी संपवा. ती ठरावीक संधींत उत्तीर्ण न झाल्यास ज्येष्ठता जाऊ शकते.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे. मात्र २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून तिचे नऊ पेपर आहेत, त्यामुळे केवळ वाचनात तास घालवणे परवडणारे नाही. मी स्वतः नोकरी करताना पहाटेचा दीड तास फक्त उत्तरलेखनाला दिला, कारण संध्याकाळी थकलेल्या डोक्याने वाचन होते, पण मांडणी होत नाही. पूर्वपरीक्षेतील सीसॅट (आकलन व तर्कक्षमतेचा पेपर) आता केवळ ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा आहे. जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा आणि सहज पार होत असाल, तर त्याला रविवारचा एक तास पुरे. रात्रीचे जेवण ते मुलगी झोपेपर्यंतचा वेळ मात्र वेळापत्रकात घेऊच नका. तो तिचाच असू द्या.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आईच्या तपासणीचे दिवस आधी दिनदर्शिकेत लिहितो आणि उरलेल्या दिवसांतच अभ्यास बसवतो.