बियांना हार्मोन नको, आधी पाणी तपासा
टोमॅटोचं बी आयबीएमध्ये (मुळं फुटवणाऱ्या हार्मोनमध्ये) भिजवायचं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको! बियांमध्ये मूळ तयारच असतं, जादा ऑक्झिनने (आयबीए याच प्रकारचं हार्मोन) ते उलट खुंटतं. हे औषध डाळिंबाच्या किंवा डॉगरीजच्या (द्राक्षाच्या खुंटाच्या) काड्यांसाठी. तेही थेट पाण्यात नीट विरघळत नाही; आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घाला.

रोपं पिवळी पडताहेत म्हणालात, तिथे मात्र बोअरच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) बघाच. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर बहुतेक पीएच जास्त असल्याने लोह उचललं जात नाहीये. बादलीत लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) चिमूटचिमूट टाकून ढवळा, दर वेळी पीएचची पट्टी बुडवा, 6 ते 6.5 ला थांबा. अंदाजाने ओतू नका हो, कोवळी मुळं जळतात.