मदत हवी आहे: डरवेंटवॉटर तळ्याभोवतीची पायवाट पावसात चालता येते का?

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही चार मित्र लंडनहून पेनरिथपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावी जाणार आहोत. गाडी नाही, मुक्काम केझिकमध्येच आहे. ४५१ मीटर उंचीच्या कॅटबेल्स डोंगरावर चढण्याचा बेत होता, परंतु अंदाज दोन्ही दिवस पावसाचा आहे आणि एकाचा गुडघा दुखरा असल्याने ओल्या खडकावरून उतरणे आम्ही टाळणार आहोत. सह्याद्रीतला पाऊस आम्ही भरपूर अंगावर घेतला आहे. पण तिथे भिजणे ही मौज असते, इथल्या थंडीत ती चैन परवडणार नाही.

म्हणून डरवेंटवॉटर तळ्याभोवतीची सुमारे १६ किलोमीटरची सपाट वाट निवडली आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल ४ नकाशा पाहिला, त्यात दक्षिण टोकाला लोडोरजवळ पाणथळ जमीन दिसते. तिथे लाकडी फळ्यांची वाट आहे हे माहीत आहे. मुसळधार पावसानंतर ती पाण्याखाली जाते का, हे मात्र नकाशावरून कळत नाही. तसे झाल्यास पश्चिम काठावरून ग्रेंज गावापर्यंत चालून तिथून ७८ क्रमांकाच्या बसने परतणे सोयीचे ठरेल, की हाय ब्रँडलहाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडणे, आणि ऑक्टोबरअखेर शेवटची लाँच साधारण किती वाजता असते?